हनुमान जयंतीच्या शेजारचा शुक्रवार

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या कोणत्याही घरातली भिंतीवरची दिनदर्शिका घ्या आणि 2026 सालचे एप्रिलचे पान उघडा. गुरुवारी 2 तारखेला हनुमान जयंती आहे, शुक्रवारी 3 तारखेला गुड फ्रायडे. योगायोग वाटेल. पण मागे जात राहिले तर हा योगायोग फारच नियमित निघतो. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि गुड फ्रायडे 7 एप्रिलला. 2022 मध्ये गुड फ्रायडे 15 एप्रिलला, दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. 2019 मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, 19 एप्रिलला आले होते. एका बाजूला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीकडे जाणाऱ्या भाविकांची रांग आणि दुसऱ्या बाजूला शरणपूरच्या चर्चमध्ये क्रूसाची उपासना, असे दृश्य नाशिकला त्या दिवशी एकत्र पाहायला मिळाले असणार. आणि मग 2024 साल येते, ज्यात गुड फ्रायडे 29 मार्चला, म्हणजे होळीच्या आठवड्यातच येऊन जातो आणि हनुमान जयंती त्यानंतर जवळजवळ चार आठवड्यांनी, 23 एप्रिलला येते.

नाताळाचे मात्र असे काही होत नाही. तो 25 डिसेंबरला ठाण मांडून बसलेला आहे. एकाच धर्माचा एक सण तारखेला बांधलेला आणि दुसरा चंद्रामागे फिरणारा, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना ख्रिस्ती धर्माच्या बहुतेक मूळ संकल्पना आणि त्याच्या पहिल्या तीनशे वर्षांचा इतिहास आपोआप हाती लागतो. माझे म्हणणे त्याहून थोडे पुढचे आहे. आपण नाताळाला ख्रिस्ती धर्माचा मुख्य सण समजतो आणि तिथेच चुकतो. या धर्माचा कणा ईस्टर आहे, आणि त्याची तारीख हलते याचे कारण तो धर्म कुठून आला, कशावर भांडला आणि कशावर ठाम राहिला यात दडलेले आहे.

चंद्र एकच, पंचांगे दोन

आधी आकाशातले गणित पाहू. चंद्राचा एक महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून बारा चांद्रमासांचे वर्ष 354 दिवसांचे होते. ऋतू मात्र सूर्यावर चालतात आणि सूर्याचे वर्ष 365 दिवसांपेक्षा किंचित मोठे असते. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो. तो तसाच सोडला तर सण ऋतू सोडून भटकू लागतात. इस्लामी पंचांगात तसे होऊ दिले जाते, म्हणून रमजान उन्हाळ्यातही येतो आणि हिवाळ्यातही. आपल्याकडे तो फरक साठला की अधिक मास घालून तोड काढतात. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्यू लोकांनीही हेच केले. त्यांच्या पंचांगातही सण चांद्रतिथीवर असतात आणि ठरावीक वर्षांनी एक जादा महिना येतो. एकोणीस सौरवर्षांत 235 चांद्रमास जवळजवळ अचूक बसतात, म्हणजे एकोणीस वर्षांत सात जादा महिने. हे चक्र बाबिलोन आणि ग्रीसच्या ज्योतिर्विदांना ख्रिस्तपूर्व काळापासून ठाऊक होते.

ज्यू पंचांगातला वसंतातला महिना निसान, आपला चैत्र. दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात आणि दोन्हींच्या मध्यावर पौर्णिमा असते. निसानच्या पौर्णिमेला ज्यूंचा वल्हांडण सण येतो, चैत्राच्या पौर्णिमेला आपली हनुमान जयंती. ईस्टर त्या वल्हांडणाला चिकटलेला आहे. कोणी कोणाचे उचलले असा प्रश्नच इथे येत नाही. वसंतातली पूर्ण चंद्राची रात्र महत्त्वाची मानणारे समाज अनेक होते आणि चंद्र सगळ्यांसाठी एकच होता. गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती यांच्या जवळिकीवरून ‘येशूची कथा भारतातून गेली’ किंवा त्याच्या उलट अशी अनुमाने काढणारे लेखन अधूनमधून दिसते. त्याला या पौर्णिमेपलीकडे आधार नाही.

मग 2024 मध्ये गाडी घसरली कुठे? दोन्ही पंचांगे ‘वसंत’ वेगळ्या खुणेने ओळखतात. चर्चचा नियम असा: 21 मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्याकडे चैत्र कोणता ते सूर्याच्या मेष राशीतल्या प्रवेशावरून ठरते आणि तो निरयन गणिताने सध्या 14 एप्रिलच्या सुमारास होतो. त्यामुळे पौर्णिमा मार्चच्या शेवटच्या दिवसांआधीच पडली तर चर्चच्या लेखी ती वसंताची पौर्णिमा ठरते, आपल्या लेखी मात्र ती अजून फाल्गुनाची, म्हणजे होळीची असते. 2013, 2016, 2021 आणि 2024 मध्ये तसेच झाले; 2027 मध्येही ईस्टर 28 मार्चला, होळीच्याच आठवड्यात आहे. एकोणीस वर्षांच्या चक्रात अशी साधारण पाच वर्षे येतात. उरलेल्या चौदा वर्षांत गुड फ्रायडे हनुमान जयंतीच्या आसपासच सापडतो.

वल्हांडणाच्या रात्री काय घडले

हिब्रू लोक इजिप्तमध्ये गुलाम होते आणि देवाने त्यांना एका रात्रीत मुक्त केले, ही ज्यूंची मूळ स्मृती आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात ती येते. त्या रात्री प्रत्येक घराने कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले, मृत्यूने ती घरे ओलांडली आणि सकाळी लोक बाहेर पडले. वल्हांडण ही त्या सुटकेची आठवण. पहिल्या शतकात तो सण यरुशलेमच्या मंदिरात साजरा होई. निसानच्या चौदाव्या दिवशी दुपारी मंदिरात कोकरे कापली जात आणि सूर्यास्तानंतर घरोघरी भोजन होई. ज्यूंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे लक्षात ठेवले की पुढचा घोळ कमी होतो.

येशू ज्यू होता, त्याचे शिष्य ज्यू होते आणि तो सणासाठीच यरुशलेमला आला होता. ‘ख्रिस्त’ हे त्याचे आडनाव नाही, ती पदवी आहे. अभिषेक केलेला, देवाने नेमलेला राजा, असा तिचा अर्थ. त्या काळचे अनेक ज्यू अशा राजाची वाट पाहत होते आणि रोमन सत्तेला नेमकी त्याचीच धास्ती होती. यहूदियाचा रोमन सुभेदार पंतय पिलात याने येशूला क्रूसावर चढवले. क्रूस ही रोमनांची गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठीची शिक्षा, मुद्दाम चव्हाट्यावर दिलेली आणि मुद्दाम लांबवलेली. हे सगळे केवळ श्रद्धेवर सोडायचे का, असा प्रश्न रास्त आहे. पण ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्काराने लिहिणाऱ्या टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पिलाताच्या हुकमाने झालेल्या या मृत्युदंडाची नोंद केली आहे. पिलात इ.स. 26 ते 36 या काळात सुभेदार होता. या वर्षांत निसानची पौर्णिमा शुक्रवारच्या आसपास कधी पडली याचे गणित मांडले की दोन तारखा जास्त बळकट ठरतात: 7 एप्रिल 30 आणि 3 एप्रिल 33. आपल्याकडे पांडवलेण्यांतली लेणी खोदली जात होती त्याच काळातली ही गोष्ट.

इथे एक जुनी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमाने आहेत. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूने शिष्यांबरोबर घेतलेले शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते आणि क्रूसाची घटना दुसऱ्या दिवशीची. योहानाच्या मते मात्र मंदिरात कोकरे कापली जात होती त्याच दिवशी येशू मरण पावला. एका तिथीचा फरक. टीकाकार म्हणतात, यांना दिवससुद्धा नीट सांगता आला नाही. पण दोन्हीकडे वार शुक्रवार आहे, सण वल्हांडणाचा आहे आणि दोन्हीकडे येशूच्या मृत्यूचा अर्थ वल्हांडणाच्या भाषेतच सांगितला आहे. एका परंपरेने भोजनावर भर दिला. भाकर आणि द्राक्षारस म्हणजे माझे शरीर आणि रक्त असे येशूने तिथे सांगितले आणि त्यातूनच कॅथलिकांचा मिस्सा आणि प्रॉटेस्टंटांचे प्रभुभोजन हा विधी आला. दुसऱ्या परंपरेने कोकरावर भर दिला, की जो मारला गेला तोच सुटकेची किंमत आहे. या सुटकेलाच ख्रिस्ती लोक तारण म्हणतात. इजिप्तच्या गुलामीची जागा इथे पाप आणि मरण यांच्या गुलामीने घेतली, एवढाच बदल. सांगाडा तोच राहिला.

आणि मग रविवार. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे काही स्त्रिया कबरीवर गेल्या आणि ती रिकामी होती, असे चारही शुभवर्तमाने सांगतात. मेलेला येशू देवाने पुन्हा जिवंत उठवला, हा पुनरुत्थानाचा विश्वास. तो खरा की नाही हे इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होणार नाही. पण हा विश्वास किती लवकर आला हे तपासता येते. पौल या प्रेषिताने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले ते इ.स. 54 च्या सुमारास, म्हणजे सर्वांत जुने शुभवर्तमान लिहिले जाण्यापूर्वी. येशू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाले असे तो तिथे सांगतो. याच पत्रात तो येशूला ‘आमचा वल्हांडण’ म्हणतो. म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आत हा सगळा अर्थ पक्का झालेला होता. येशूच्या जन्माच्या दिवसाबद्दल मात्र पौल एक अक्षर लिहीत नाही. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट यात ‘तिसरा दिवस’ कसा बसतो, अशी शंका काहींना येते. शुक्रवार पहिला धरून मोजले की बसतो, आपणही मृत्यूनंतरचा तिसरा दिवस असाच मोजतो.

तिथी की वार?

आता खरे भांडण सुरू होते. पहिल्या पिढीतले ख्रिस्ती बहुतांशी ज्यूच होते, त्यांना वल्हांडण वेगळा शोधावा लागला नाही. पण हा विश्वास सीरिया, आशिया मायनर, ग्रीस, रोम असा पसरत गेला आणि बाहेरचे लोक मोठ्या संख्येने आले, तेव्हा प्रश्न पडला की वार्षिक सण कोणत्या दिवशी पाळायचा. आशिया मायनरमधल्या मंडळ्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, निसानच्या चौदाव्या तिथीलाच तो पाळत, मग वार कोणताही असो. रोम आणि अलेक्झांड्रियाच्या मंडळ्या म्हणत की पुनरुत्थान रविवारी झाले, तेव्हा सण रविवारीच हवा. महाराष्ट्रात शिवजयंती 19 फेब्रुवारीला करायची की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावरून दोन्ही बाजू किती जीव तोडून बोलतात हे आपण पाहतो. दोघांनाही राजा तोच, आदर तोच, पण कोणत्या पंचांगाने मोजायचे यात आपण कोण आहोत हे ठरत असते. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचा वाद जवळजवळ याच जातीचा होता.

या वादात लहान प्रसंगातून दिसणारा मोठेपणाही आहे. इ.स. 155 च्या सुमारास आशिया मायनरमधल्या स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथला बिशप अनिसेटस याच्याशी या विषयावर बोलला. दोघांपैकी कोणीही हटले नाही. पॉलिकार्पच्या मते त्याची प्रथा येशूच्या शिष्यांकडून आलेली होती, अनिसेटसच्या मते त्याची प्रथा त्याच्या आधीच्या वडीलधाऱ्यांची. तरीही दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतपणे निरोप घेतला. चाळीसेक वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याने मात्र आशियातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करण्याची भाषा केली. तेव्हा लियॉनच्या इरेनियसने त्याला पत्र लिहून हा पॉलिकार्पचा प्रसंग आठवून दिला. आपल्याला हे सगळे कळते ते त्यामुळेच. बिशप म्हणजे एका शहरातल्या मंडळीचा प्रमुख. त्या काळी कोणा एकाचा सगळ्यांवर हुकूम चालत नव्हता. चर्च पहिल्या दिवसापासून एकसंध आणि वरून आदेश देणारी संस्था होती, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिला हा वादच पुरेसे उत्तर आहे.

हळूहळू रविवार जिंकला. त्याबरोबर आठवड्याचे रविवारही या घटनेची छोटी आवृत्ती बनले. इ.स. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवार सुटीचा दिवस केला आणि आज इंदिरानगरातली बँक रविवारी बंद असते त्याचे मूळ अखेर तिथपर्यंत जाते.

नायसिया, इ.स. 325

रविवार ठरला तरी कोणता रविवार, हा प्रश्न उरला. त्या काळी ज्यू पंचांग सर्वत्र एकसारखे नव्हते; काही शहरांत जादा महिना वेगळ्या वर्षी घातला जाई आणि वल्हांडण वसंत विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या, आधीच येऊन जाई. काही चर्च ज्यू शेजाऱ्यांना विचारून तारीख धरत, काही स्वतः गणित करत. एका शहरात उपवास चालू आणि दुसऱ्यात उत्सव, अशी स्थिती होती. ख्रिस्ती धर्मावरची बंदी उठून जेमतेम बारा वर्षे झाली होती. कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, तेव्हाच्या नायसियात, बिशपांची परिषद बोलावली. सुमारे तीनशे बिशप आले. कित्येकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या.

परिषदेपुढे ईस्टरखेरीज दुसरा प्रश्न होता तो अधिक खोल. अलेक्झांड्रियाचा पाळक एरियस म्हणत होता की ईश्वर एकच आहे, तेव्हा येशू कितीही महान असला तरी तो देवाने घडवलेला आहे; तो नव्हता असाही एक काळ होता. युक्तिवाद सरळ आहे आणि ऐकणाऱ्याला पटतो. विरोधकांचे उत्तर उपासनेतून आले. ख्रिस्ती लोक येशूची प्रार्थना करतात, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात आणि तोच तारण करतो असे मानतात. तो जर निर्माण केलेला असेल तर आपण सगळे मूर्तिपूजक ठरतो, कारण निर्मितीला देव मानून बसलो आहोत. परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे लिहून दिले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन देव नव्हेत, एकच ईश्वर तीन व्यक्तींत आहे, या सिद्धांताला त्रैक्य म्हणतात. पवित्र आत्म्याविषयीचा भाग 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पुरा झाला. त्रैक्य उदाहरणांनी समजावण्याचे प्रयत्न तेव्हाही झाले आणि पाणी, बर्फ, वाफ यांसारखी उदाहरणे चर्चने अपुरी मानली, कारण तीनही एकाच वेळी नसतात. तेव्हा इथे मीही त्या वाटेला जात नाही.

यावर एक आक्षेप गेल्या काही वर्षांत कादंबऱ्या आणि चित्रपटांमुळे घरोघरी पोचला आहे: येशू साधा गुरू होता, कॉन्स्टंटाइनने नायसियात मतदान घेऊन त्याला देव केले आणि बायबलमधली पुस्तकेही तिथेच निवडली. पुरावा याच्या उलट आहे. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. नायसियाच्या दोनशे वर्षे आधीची ही नोंद आहे, आणि तीही विरोधी माणसाची. सम्राटाच्या दबावाचे म्हणाल तर दबाव होता, पण त्याचा परिणाम उलटसुलट झाला. खुद्द परिषदेत दोनच बिशपांनी सही नाकारली, पण नंतरच्या पन्नास वर्षांत दरबार अनेकदा एरियसच्या बाजूला झुकला आणि नायसियाचा कट्टर पुरस्कर्ता अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. सम्राटाने लादलेला निर्णय इतके हेलकावे खात नाही.

पुस्तकांची गोष्ट तर फारच गमतीची आहे. नव्या करारातली आजची 27 पुस्तके नेमकी तशीच एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती इ.स. 367 मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप असलेल्या याच अथनेशियसच्या पत्रात. अलेक्झांड्रिया ज्योतिषगणिताचे केंद्र असल्यामुळे तिथला बिशप दरवर्षी ईस्टरची तारीख कळवणारे पत्र इतरांना धाडत असे. ही यादी त्या वार्षिक तारीखपत्रांपैकी एकात आहे.

नायसियाने ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी करावा आणि ज्यूंच्या गणनेवर अवलंबून राहू नये, एवढे ठरवले. ‘विषुवदिनानंतरची पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार’ हे सूत्र परिषदेच्या ठरावांत शब्दशः सापडत नाही. ते अलेक्झांड्रियाच्या प्रथेतून रूढ झाले. परिषदेनंतर कॉन्स्टंटाइनने चर्चना जे पत्र पाठवले त्यात ज्यूंबद्दलची भाषा मात्र कडवट आहे. ज्या लोकांच्या सणातून आपला सण आला त्यांच्यापासून नाते तोडण्याचा तो सूर पुढे युरोपात शतकानुशतके किती भयंकर ठरला हे सर्वांना ठाऊक आहे. पौर्णिमा मात्र त्यांचीच राहिली.

हे सगळे भूमध्य समुद्राकाठी चालले होते, पण ख्रिस्ती धर्म तेवढ्यापुरता नव्हता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ या भारतीय बंदरात ख्रिस्ती लोक आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याण मानतात, नाशिकहून घाट उतरून व्यापारी माल जिथे जाई तेच. म्हणजे मराठी मुलखाच्या दारात हा धर्म युरोपीय जहाजांच्या जवळजवळ हजार वर्षे आधी पोचला होता. नाशिकमधली शरणपूरची वसाहत त्या मानाने अगदी अलीकडची, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने उभारलेली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकली आणि त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला.

[चौकट]
ईस्टरभोवतीचे दिवस, 2026
भस्म बुधवार, 18 फेब्रुवारी: कपाळावर राखेची खूण, ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. इथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मधले रविवार मोजत नाहीत, म्हणून तो 46 दिवसांचा दिसतो. पूर्वी हा काळ बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी दीक्षा, घेणाऱ्यांच्या तयारीचा होता आणि दीक्षा ईस्टरच्या रात्री दिली जाई.
झावळ्यांचा रविवार, 29 मार्च: येशूचा यरुशलेममधला प्रवेश.
पवित्र गुरुवार, 2 एप्रिल: शेवटचे भोजन.
गुड फ्रायडे, 3 एप्रिल: क्रूसावरचा मृत्यू. अनेक मराठी चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात, कॅथलिक चर्चमध्ये क्रूसाची वाट.
ईस्टर, 5 एप्रिल: पुनरुत्थान.
स्वर्गारोहण, 14 मे: ईस्टर पहिला धरून चाळिसावा दिवस.
पेंटेकॉस्ट, 24 मे: पन्नासावा दिवस, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, चर्चचा जन्म.

तक्ते, आणि त्यातून निघालेले कॅलेंडर

दरवर्षी आकाशाकडे पाहून तारीख ठरवायची तर दूरच्या गावाला ती वेळेत कळणार कशी? म्हणून एकोणीस वर्षांच्या चक्रावर तक्ते बांधले गेले. रोममधला डायोनिसियस एक्झिगस नावाचा साधू इ.स. 525 मध्ये असे तक्ते पुढे वाढवत होता. जुन्या तक्त्यांत वर्षे डायोक्लेशियन सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेली होती आणि त्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा भयानक छळ केला होता. त्याचे नाव टाळण्यासाठी डायोनिसियसने येशूच्या जन्मापासून वर्षे मोजली. आपण वापरतो तो इसवी सन असा, ईस्टरच्या तक्त्याच्या एका रकान्यातून आलेला आहे. त्याचे गणित थोडे चुकले, कारण येशूच्या जन्मकथेतला हेरोद राजा इसवी सनापूर्वी 4 मध्येच मेला, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

दुसरी चूक ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात होती. त्यातले वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठे असल्यामुळे सुमारे 128 वर्षांत एक दिवस सरकत असे. सोळाव्या शतकापर्यंत विषुवदिन 11 मार्चपर्यंत मागे आला होता आणि ईस्टर हळूहळू उन्हाळ्याकडे चालला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला, लीप वर्षांचा नियम सुधारला आणि चंद्राचे तक्तेही दुरुस्त केले. शेती किंवा व्यापार यांच्या सोयीसाठी हे झाले नाही, ईस्टर वसंतात परत आणण्यासाठी झाले. ब्रिटनने हे कॅलेंडर 1752 मध्ये घेतले आणि त्यांच्या राज्याबरोबर ते आपल्या कचेऱ्यांत आले.

तक्ते आणि आकाश यांत आजही थोडे अंतर आहे. 2019 मध्ये भारतीय वेळेनुसार 21 मार्चच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास विषुवक्षण आला आणि त्याच सकाळी सव्वासातच्या सुमारास पौर्णिमा पूर्ण झाली. आकाश मानले तर ईस्टर 24 मार्चला हवा होता. तक्त्यात ती पौर्णिमा 21 मार्चच्या आधीच धरलेली असल्याने पुढची घेतली गेली आणि ईस्टर 21 एप्रिलला झाला. हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले ते त्यामुळेच. 2025 मध्ये तक्त्यातली पौर्णिमा रविवारी 13 एप्रिलला होती. नियमात ‘नंतरचा रविवार’ असल्याने ईस्टर आठवडाभर पुढे, 20 तारखेला गेला.

नाताळ स्थिर का

25 डिसेंबरला नाताळ साजरा झाल्याचा पहिला पक्का लेखी उल्लेख इ.स. 354 च्या एका रोमन संग्रहात आहे, म्हणजे ईस्टरचा वाद पेटून गेल्यावर दोनशे वर्षांनी. तारीख कशी आली यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे रोममधला अजिंक्य सूर्याचा उत्सव त्या दिवशी असे, त्याची जागा नाताळाने घेतली. दुसऱ्या मताप्रमाणे पश्चिमेकडे येशूच्या मृत्यूची तारीख 25 मार्च मानत, तीच गर्भधारणेचीही मानली गेली आणि नऊ महिने पुढे मोजले. पूर्वेकडे काही जण मृत्यूची तारीख 6 एप्रिल धरत, त्यातून 6 जानेवारी आली आणि आर्मेनियन चर्च आजही त्या दिवशी जन्मोत्सव करते. मला दुसरे मत अधिक पटते, कारण त्यात दोन्ही तारखांचा उलगडा होतो. पण पहिले सर्वस्वी फेटाळता येत नाही. कोणतेही घेतले तरी नाताळ मुळातच सौर कॅलेंडरात जन्मला, म्हणून तो हलत नाही.

ईस्टरही मूळचा युरोपातल्या कुठल्याशा वसंतदेवतेचा उत्सव होता, असा दावाही ऐकू येतो. त्याचा आधार आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूचे एकच विधान आहे. पॉलिकार्प आणि अनिसेटस त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधी, इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजण्यापूर्वी, निसानच्या तिथीवरून वाद घालत होते. रंगवलेली अंडी आणि ससे युरोपातल्या लोकरूढीतून आले असतील. तारीख आली ती यरुशलेममधून.

तारीख एकदाची बांधून टाका, अशी सूचना आधुनिक काळात वारंवार आली. ब्रिटिश संसदेने 1928 मध्ये एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार ठरवणारा कायदाही केला, पण तो अमलात आला नाही. 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, इतर चर्च राजी असतील तर आपली हरकत नाही, असे जाहीर केले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरसाठी अजून ज्युलियन गणित पाळतात, त्यामुळे त्यांचा दिवस बहुतेक वेळा मागाहून येतो. 2024 मध्ये तो 5 मे रोजी होता. 1997 मध्ये सीरियातल्या अलेप्पो इथल्या बैठकीत असा तोडगा सुचवला गेला की जुने सूत्रच ठेवावे, मात्र तक्त्यांऐवजी यरुशलेमच्या रेखांशावरून अचूक खगोलगणित करावे. तारीख स्थिर करण्याचा पर्याय तिथे नाकारला गेला आणि त्याचे कारण वल्हांडणाशी असलेले नाते तुटू नये हेच दिले गेले. तोडगा अजून कोणी स्वीकारलेला नाही. नायसियाला 1700 वर्षे झाली त्या 2025 साली दोन्हीकडचे ईस्टर 20 एप्रिललाच पडले. पुढचा असा मेळ 16 एप्रिल 2028 ला आहे.